एकास सत्त्याऐंशी

मराठी माणसाला मॉडेलं करायची हौस नाही असं म्हणणाऱ्याने दिवाळीतला किल्ला पाहिलेला नसावा. विटा, पोती, चिखल आणि शेजारच्या बांधकामावरची वाळू एवढ्या सामानात आपण सह्याद्री उभा करतो. मात्र त्या किल्ल्यावर माप नावाची भानगड नसते. महाराज सिंहासनासकट बुरुजाला भारी, मावळा वाकला तरी महादरवाज्यातून आत जाऊ शकत नाही, पायथ्याला वाघ आणि वाघाच्या शेजारी त्याच्या दीडपट कोंबडी. अळीव पेरलेलं असतं ते चार दिवसांत तोफेच्या वर जातं. कुणाची हरकत नसते. लोक येतात, "वा, छान झालाय हं" म्हणतात आणि चिवडा खाऊन जातात. असे किल्ले करणारी मुलं पुढे सुखाने मोठी होतात. ज्या एखाद्याला लहानपणीच त्या कोंबडीचा आकार खटकतो, तो निवृत्त झाल्यावर मॉडेल रेल्वे करायला घेतो.

आमच्या घरात तो दादा. माझे थोरले बंधू, बँकेतून निवृत्त, मुक्काम रायपूर. आमच्या कुठल्याशा पूर्वजाला नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत इकडे कामावर पाठवलं, त्याचं परत जायचं राहूनच गेलं. अशी घरं रायपुरात बरीच आहेत. बुढापारा, तात्यापारा, चौबे कॉलनी, सुंदरनगर अशी ती पसरलेली. महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे. पुण्याहून पाहुणा आला की "इतक्या लांब राहून तुमचं मराठी शुद्ध राहिलंय" म्हणतो, आणि आम्ही "चहा घेऊन राहिले न?" असं विचारून त्याचं मत बदलतो.

रायपुरात रेल्वेचा विषय निघाला की पन्नाशीपुढच्या माणसाला मुंबई-हावडा मेन लाइन आठवत नाही. आठवते ती छोटी लाइन. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० च्या सुमारास सुरू केलेली, अडीच फुटी, रायपूरहून तेलीबांधा, माना, भाटगाव, केंद्री, अभनपूर, कुरूद असं करत धमतरीला पोचणारी, आणि अभनपूरहून एक फाटा राजिमला. ही गाडी भर शहरातून जायची. फाटकं पडायची, अख्खं रायपूर थांबायचं, आणि गाडी त्या थांबलेल्या रायपूरकडे निवांत बघत पुढे सरकायची. २०१७ मध्ये रायपूर ते केंद्री हा टप्पा बंद झाला, रूळ उचलले आणि त्या पट्ट्यावर एक्सप्रेस वे झाला. आता तिथे मोटारी अडकून पडतात. "वेग तोच ठेवलाय, परंपरा सोडली नाही," असं दादाचं म्हणणं. ३० मार्च २०२५ ला अभनपूरसाठी पुन्हा गाडी सुरू झाली, पण ती मोठ्या रुळांवरची मेमू, मंदिर हसौदच्या बाजूने वळसा घेऊन जाणारी. दादा हौसेने बसून आला. "वेळेवर पोचली," एवढंच बोलला, आणि पुढे दिवसभर त्याचा चेहरा उतरलेला होता.

त्या दिवशी त्याने ठरवलं असावं. तेलीबांधा स्टेशन करायचं. माळ्याखालच्या खोलीत, प्लायवर, मापात.

माप म्हणजे ८७. जगभरच्या मॉडेल रेल्वेवाल्यांत सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान करायची असते. हा आकडा एकदा डोक्यात शिरला की माणूस संसारातून उठतो. दादा जे दिसेल त्याला ८७ ने भागायला लागला. वहिनींकडे एकदा बराच वेळ प्रेमाने बघत होता. त्यांनी पदर सावरला. तेवढ्यात हा म्हणाला, "तू अठरा मिलिमीटर होतेस." वहिनी म्हणाल्या, "आणि तुमचं पेन्शन?" दादा म्हणाला, "ते आधीच त्या मापात मिळतं."

भारतात राहून हा छंद करणाऱ्याच्या वाट्याला एक जन्मजात दुःख येतं. बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. त्याला ८७ ने गुणलं की येतात १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज बरोब्बर. आपला ब्रॉड गेज १६७६. तो मॉडेलमध्ये सव्वाएकोणीस व्हायला हवा. तेव्हा साडेसोळाच्या रुळावर तुम्ही भारतीय इंजिन उभं केलंत, की खऱ्या मापात साडेनऊ इंचांची लबाडी झाली. देशातले पुष्कळ हौशी लोक ती लबाडी पोटात घालून आनंदात आहेत. दादाच्या पोटात ती मावेना. मग एके रात्री त्याने छोटी लाइन ८७ ने भागली. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर तयार मिळतात! ते मुळात एन स्केल नावाच्या आणखी बारक्या मापाच्या गाड्यांसाठी असतात, पण रुळाला काय ठाऊक. फरक राहिला पाव मिलिमीटरचा, खऱ्या मापात दोन सेंटिमीटर. दादाने मला झोपेतून उठवून हे सांगितलं. मी म्हटलं, "दोन सेंटिमीटर आहेतच न?" तो म्हणाला, "अरे, छोटी लाइन पावसाळ्यात तेवढी आपसूक सरकायची."

रूळ मिळतात म्हटलं तरी ते मिळतात परदेशात. इथे आणायचे तर जकात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची जकात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. आता मॉडेल रेल्वे हे खेळणं आहे का? दादा म्हणतो नाही, ही तांत्रिक प्रतिकृती आहे. पण जकातीच्या तक्त्यात तिचा नंबर ९५०३, आणि त्याच नंबरात तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांची बाबागाडी आणि जिगसॉ पझल. या एका मुद्द्यावर भारत सरकार आणि वहिनी यांचं पूर्ण एकमत आहे. दोघांनीही दादाला सत्तर टक्के दंड लावला. सरकारने पैशात, वहिनींनी बोलण्यात.

म्हणून ठरलं की इंजिन आणि रूळ तेवढे विकतचे, बाकी सगळं गोलबाजारातून नाहीतर स्वयंपाकघरातून. इंजिनही पूर्ण विकतचं नाही. तेलीबांध्याला यायची ती झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं जगात कोणी नऊ मिलिमीटरच्या रुळावर करून विकत असेल असं आम्हाला दिसलं नाही. तेव्हा खाली एका जपानी एन स्केल इंजिनाची चाकं आणि मोटर, वर थ्री-डी प्रिंट करून घेतलेली पेटी. प्रिंटवाल्या पोराने विचारलं, "अंकल, टिफिन है क्या?" दादा त्या दुकानात परत गेला नाही. पुढचे प्रिंट मी आणले.

स्वयंपाकघराची कथा मोठी आहे. रुळाखालची खडी घ्या. रेल्वेची खडी फार तर ६५ मिलिमीटरची, मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरचं घरात काय असतं? खसखस. वहिनींच्या डब्यातली खसखस एका दुपारीत तेलीबांध्याच्या अर्ध्या यार्डात पसरली गेली आणि फेव्हिकॉल-पाण्याने पक्की बसली. खसखशीचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना वहिनींच्या आवाजाची कल्पना येईल. खडी दिसायला अप्रतिम होती. मुंग्यांनाही ती तशीच वाटली. रात्रीतून त्यांनी ट्रॅकची एक बाजू मोकळी केली, स्लीपर जागच्या जागी ठेवून. इतकं सफाईदार काम रेल्वेच्या गँगलाही जमलं नसतं. मग महानदीची वाळू आणून ती रव्याच्या चाळणीतून चाळली. चाळणी नवी आणावी लागली, ती खसखशीच्या खात्यावर लिहिली गेली.

जमिनीसाठी चहाचा चोथा. धुऊन, उन्हात वाळवून, परत चाळून. भिजल्या मातीचा रंग त्याला इतका हुबेहूब येतो की परदेशी कंपन्या पुड्यांतून माती का विकतात हे कळत नाही. फक्त आपल्याकडे चोथा पावसाळ्यात वाळत नाही आणि नीट न वाळलेल्या जमिनीवर पांढरी लव येते. दादाने पहिल्यांदा ती पाहून "अरे वा, कास फुलली" म्हटलं होतं. झाडं तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्यांची. त्यांच्या देठांना निसर्गतःच फांद्या असतात, त्यावर फोमचा हिरवा चुरा भुरभुरला की झाड तयार. तुळशीला हात लावायचा म्हणून वहिनींनी आधी नमस्कार करायला लावला. आणि भाताची शेतं काथ्याच्या पायपुसण्याची. पायपुसण्याचे केस मुळासकट कापायचे, हिरवे रंगवायचे आणि बांधाबांधाने चिकटवायचे. महिनाभर आमच्या दारात जे पायपुसणं होतं त्यावर पाय ठेवला की मधोमध टक्कल लागायचं.

घरं छत्तीसगढी. कवेलूंची छपरं, भिंती छुही मातीने पांढऱ्या, चौकटीला निळीचा पट्टा. एकेक कवेलू दादाने पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद शिवणाच्या सुईवर गुंडाळून केला. एका छपराला किती लागले विचारलं तर सांगत नाही. वहिनींनी ते छप्पर पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आपल्या गच्चीला गळती आहे."

माणसांचं मात्र अवघड. एचओ मापाची उत्तम माणसं जर्मनीत होतात. प्रायझर नावाची कंपनी त्यात फार नावाजलेली. चिमटीत धरायच्या या दोन सेंटिमीटरच्या माणसांच्या कोटाची बटणंसुद्धा दिसतात. पण ती सगळी जर्मन. कुणाच्या डोक्यावर हॅट, कुणाच्या हातात छत्री, बायका फरच्या कॉलरमध्ये. यांना तेलीबांध्याच्या फलाटावर कसं उभं करणार? दादाने नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लेड आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन त्यांचं धर्मांतर नाही तरी प्रांतांतर केलं. हॅट तासली, गमछा बांधला. कोटाचा सदरा झाला. फर कॉलर रंगवून लुगड्याचा काठ केला. एक पाकीट चुकून बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंचं आलं होतं. ते परत पाठवायचं तर पुन्हा टपालखर्च. दादाने त्यांच्या पायाखालच्या पट्ट्या कापल्या, हातातल्या काठ्या ठेवल्या आणि त्यांना नांगरामागे उभं केलं. गडी तयार झाले, पण गुडघे वाकलेलेच राहिले. प्रदर्शनात एका आजीने बरोबर ते हेरलं. "ए कका के माड़ी पिरावत हे का?" म्हणून त्यांनी काळजीने चौकशी केली.

आता शेवटचा हात, ज्याला मॉडेलवाले वेदरिंग म्हणतात. नवी कोरी गाडी खोटी दिसते, तिच्यावर धूळ, गंज, काजळी चढवावी लागते. परदेशात त्यासाठी बारीक भुकट्यांच्या बाटल्या विकत मिळतात. रायपुरात त्या विकत घेणारा वेडा ठरेल. उरला-सिलतराच्या स्पंज आयर्नच्या पट्ट्यावरून वारा आमच्या बाजूला वळला की गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीवर बोटाने सही करता येते. दादाने डबे रात्री गच्चीवर ठेवले, सकाळी उचलले. छपरावर काजळीचा असा नैसर्गिक थर की बघत राहावं. दुसऱ्या रात्री ठेवले असते तर मालगाडी झाली असती.

कौतुकाची गोष्ट अशी की या सगळ्याला मराठी मुलखात मोठा आधार आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला खुलं आहे. एका अख्ख्या गावातून गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, रात्र होते, दिवे लागतात. दादा तिथे गेला तेव्हा खेळ संपल्यावर बाकीचे उठले, हा खाली वाकून टेबलाखालच्या वायरी बघत राहिला. नागपूरला मोतीबागेत नॅरो गेजचं खरंखुरं संग्रहालय २००२ पासून आहे. तिथे तो टेप घेऊन गेला आणि डब्यांच्या पायऱ्या मोजत बसला. हॅम्बुर्गचं मिनिएचर वुंडरलँड अजून पाहायचं राहिलंय. २००१ ला दोन जुळ्या भावांनी सुरू केलेलं, जगातलं सगळ्यात मोठं. तिथे पंधरा मिनिटांत दिवसाची रात्र होते म्हणे. वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे लाइट गेली की पंधरा सेकंदांत होते."

प्रदर्शनाचं निमित्त गणपतीचं. आमच्या वसाहतीच्या मंडळाला देखावा हवाच होता. मागच्या वर्षीच्या देखाव्यात चांद्रयान होतं आणि चंद्र फॅनच्या वाऱ्याने पडला होता. सेक्रेटरी मॉडेल पाहायला आले, खूश झाले आणि म्हणाले, "काका, एक नंबर! फक्त इंजिनात मूषक ड्रायव्हर पाहिजे, आणि डब्यात बाप्पा." दादाने पेन्सिल घेतली. "मूषक या मापात दीड मिलिमीटर होतो," तो म्हणाला, "आणि त्याचं लायसन्स?" बोलणी तुटायच्या बेतात होती. शेवटी तोड निघाली. फलाटावर गावची चार माणसं पाटावरून गणपती घेऊन गाडीची वाट बघताहेत, असा प्रसंग करायचा. गणपती शाडूचा, पाऊण सेंटिमीटर, दादाच्या हातचा. सोंड उजवी की डावी यावर भिंगातून चर्चा झाली.

मग खोलीतून बाहेर काढायचा दिवस आला. दादाने शहाणपण केलं होतं. आठ फूट बाय चार फुटांचा एक अखंड पाट न करता दोन भाग केले होते, बोल्टने जोडायचे. भाग खोलीच्या दारातून नीट आले. जिन्याच्या वळणावर नाही आले. शेवटी गच्चीवरून दोरांनी खाली सोडले. तेलीबांधा हवेत लोंबकळताना पाहून समोरच्या घरातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे छोटा हाथी टेम्पो करून सभागृहात. तिथे जोडताना कळलं की भाद्रपदाच्या दमट हवेत प्लाय फुगलाय आणि दोन्ही भागांतले रूळ समोरासमोर येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या जगात चार सेंटिमीटर, तिथे गाडी घसरणारच. रात्री कानशीने घासून, पाचर मारून, स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसून (रुळातूनच करंट जातो, त्यावर बोटाचा तेलकट ठसा पडला तरी इंजिन रुसतं) पहाटे गाडी चालली.

आणि मग लोक आले.

लोक मॉडेल बघायला येतात असा माझा समज होता. पोरं अपघात बघायला येतात. ती सरळ विचारतात, "टक्कर कब होगी?" दादाने गाडी खऱ्या मापात ताशी तीस किलोमीटरने सोडली होती. सत्त्याऐंशीने भागलं की सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, आठ फूट जायला पंचवीस सेकंद. पोरांना हा वेग म्हणजे गाडी बंद पडल्याचा पुरावा वाटला. आई-बाप फोटो काढायला येतात, तेही स्वतःचे, पाठीमागे गाडी. आजीबाईंना गणपती सापडायला वेळ लागला, पण सापडल्यावर त्या थांबेनात. एकीने भक्तिभावाने वरून झेंडूचं फूल वाहिलं. सहा सेंटिमीटरचा झेंडू. दादाने डोळे मिटून गुणाकार केला. फलाटावर सव्वापाच मीटर व्यासाचं फूल कोसळलं होतं, चार माणसं, पाट आणि तिकीट खिडकी त्याखाली. मागोमाग कुणीतरी तलावात दहाचं नाणं टाकलं. तलाव दादाने रेझिनचे पातळ थर ओतून केला होता. त्यावर अडीच मीटरला जरा कमी अशी ती चकती पडून राहिली. तिसऱ्या दिवशी बाहेरून धुमाल गेलं. ज्यांनी नागपूर-रायपूरचं धुमाल ऐकलेलं नाही त्यांना एवढं सांगतो की ते कानाने ऐकायचं नसतं, छातीने ऐकायचं असतं. फलाटावरचे सगळे जर्मन एकदम आडवे झाले.

पण हे सगळं क्षुल्लक. खरे आले ते छोट्या लाइनने आयुष्यभर ये-जा केलेले. त्यांनी मॉडेलचं कौतुक केलं नाही. मॉडेल बरोबर आहे का ते तपासलं. गेजमधल्या दोन सेंटिमीटरच्या फरकाकडे कुणाची नजर गेली नाही. "पीपल इधर नहीं था, उधर था." "पीपल कहाँ, बरगद था!" "ही टपरी आमच्या वेळी नव्हती." "होती, तुम्ही उधारी थकवली होती म्हणून तिकडून जात नव्हता." कुरूदकडचे एक शेतकरी भाताजवळ बराच वेळ उकिडवे बसले आणि उठून म्हणाले, रोपं ओळीत आहेत, ही लावणी झाली. आमच्याकडे तेव्हा पेरा फेकून करायचे आणि महिनाभराने उभ्या पाण्यात नांगर घालून बियासी. ओळ कुठून येणार? दादाने त्याच रात्री पायपुसण्याचे केस उपटून विस्कटून लावले. एका बाईंनी खिडक्यांना दुधाचे कॅन नाहीत म्हणून गाडी ओळखायलाच नकार दिला.

दादाने एक वही ठेवली. लोक सांगतील ते लिहायचं आणि रात्री दुरुस्त करायचं. वहीत लवकरच अशी अवस्था आली की एकाच जागी हापसा, पाण्याची टाकी, वजनकाटा आणि एका गृहस्थांच्या मते काहीच नाही. पिंपळ-वडाच्या वादावर त्याने शेवटी प्लायला भोक पाडलं आणि दोन्ही झाडं करून खिशात ठेवली. सकाळची मंडळी पिंपळवाली, संध्याकाळची वडवाली. दुपारी झाड नसायचं. एका दुपारी एक जण येऊन म्हणाले, "अगदी बरोबर. झाड आंधीत पडलं होतं." मला हे सगळं बघून वाटायला लागलं की असं स्टेशन सरकारने कितीही रूळ उचलले तरी बंद पडणं शक्य नाही, कारण ते इतक्या ठिकाणी आहे.

शेवटच्या आदल्या दिवशी एक निवृत्त गार्ड आले. रेल्वेने २०२२ पासून गार्डांना ट्रेन मॅनेजर केलं, पण हे आधी निवृत्त झालेले, तेव्हा गार्डच. हात पाठीमागे बांधून त्यांनी टेबलाला एक फेरी घातली. फलाटाकडे पाहिलं नाही, झाडाबद्दल बोलले नाहीत. गाडी समोरून गेली तसे वाकले आणि शेवटचा डबा पाहून दादाला म्हणाले, "एलव्ही कुठे?"

शेवटच्या डब्यामागे एलव्हीची, म्हणजे लास्ट व्हेइकलची, पाटी असते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी पूर्ण आली, मधे कुठे डबा सुटला नाही. दादाने ही एकच गोष्ट लावली नव्हती. "म्हणजे तुमची गाडी अजून सेक्शनमध्येच आहे," गार्डसाहेब म्हणाले. दादाने तिथेच कागद कापला, पिवळा रंगवला, काळ्यात दोन अक्षरं लिहिली, भिंगाखाली चिकटवली. गार्डसाहेबांनी चष्मा बदलून पाहिलं, मान हलवली आणि हात पुढे केला. दादाने काही न बोलता कंट्रोलर त्यांच्या हाती दिला. मला एकदाही दिला नव्हता.

त्यांनी गाडी काढली. सावकाश. फलाटावर आणून उभी केली आणि हाताची घडी घालून बसले. मिनिट गेलं. पाच गेली. पोरं कंटाळून मोदकाच्या रांगेत गेली. पण जुने प्रवासी होते ते तसेच उभे राहिले, कुणी खिशातून सुपारी काढली, एकाने पेपर उघडला.

सेक्रेटरी धावत आले. "काका, गाडी बंद पडली का? बाहेर लाइन लागलीये लोकांची."

"बंद नाही," दादा म्हणाला. "क्रॉसिंग आहे."

"कसलं क्रॉसिंग? एकच तर गाडी आहे आपली!"

"समोरून धमतरीची यायची आहे," गार्डसाहेब म्हणाले. "लेट आहे."

सेक्रेटरींनी आमच्याकडे पाहिलं, पेपरवाल्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "किती?"